आतड्यातला उपयोगी खवटपणा

लोणी बरेच दिवस विसरून राहिलं की त्याला एक नाक मुरडायला लावणारा वास येतो. त्यात मोठा वाटा ब्युटिरिक आम्लाचा. या आम्लाचं नावच मुळी लोण्याच्या लॅटिन नावावरून पडलं आहे. तुम्ही हे वाचत असताना तेच आम्ल तुमच्या मोठ्या आतड्यात तयार होतंय, आणि तिथल्या अस्तराच्या पेशी त्यावर पोट भरतायत.

ते तयार करतात जिवाणू. फळं, डाळी, अख्खी धान्यं यांतला चोथा पचवणारी विकरं आपल्याकडे नाहीत. त्यामुळे लहान आतड्याची काही मीटरची वाट तो जवळजवळ जसाच्या तसा पार करतो. मोठ्या आतड्यात ऑक्सिजन नाममात्र आणि जिवाणूंची मात्र तोबा गर्दी. ते हा चोथा आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट (म्हणजे तेच ब्युटिरिक आम्ल) ही तीन छोटी मेदाम्लं निघतात. पहिली दोन बरीचशी रक्तातून पुढे जातात, ब्युटिरेट मात्र बहुतेक जागच्या जागी संपतं. अस्तराच्या पेशींची ६० ते ७० टक्के ऊर्जा त्यातूनच येते. म्हणजे या पेशी जिवाणूंच्या उष्ट्यावर जगतात म्हणा ना! अर्थात सगळा चोथा सारखा नसतो. सफरचंदातलं किंवा संत्र्याच्या सालीतलं पेक्टिन झटकन आंबतं. सेल्युलोज फारसं आंबत नाही. ते पोट साफ करतं, पण ब्युटिरेट कमी देतं.

ब्युटिरेटच्या जोडीला आतड्यात काम करणारा दुसरा गडी म्हणजे माशाचं तेल. त्यातलं डीएचए हे २२ कार्बनची लांब साखळी असलेलं मेदाम्ल, आणि या साखळीत तब्बल ६ दुहेरी बंध. दोन बंधांच्या मधली प्रत्येक जागा म्हणजे ऑक्सिजनला शिरायला सापडलेली फट. म्हणून तर हे तेल इतक्या लवकर खवट होतं. (मासे ते स्वतः फारसं बनवतही नाहीत. मूळ कारखाना समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांचा.) खाल्लेलं तेल लहान आतड्यातच शोषलं जातं आणि मोठ्या आतड्याच्या पेशींपर्यंत रक्तातून, म्हणजे मागच्या दाराने पोचतं. ब्युटिरेट येतं पुढच्या दाराने.

दोघांची गाठ पडते ती पेशीच्या ऊर्जाघरात, मायटोकॉन्ड्रियात. त्याच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा एक खास मेद असतो. आहारात माशाचं तेल असेल तर डीएचए या मेदात जाऊन बसतं. ब्युटिरेट जळतं तेही इथेच, आणि जळताना ठिणग्या उडाव्यात तसे ऑक्सिजनचे तापट रेणू बाहेर पडतात. डीएचएने भरलेला पडदा ठिणग्यांना चटकन बळी पडतो, म्हणजे सरळ भाषेत खवट होतो. कार्डिओलिपिनला चिकटून बसलेलं सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन त्यामुळे सुटतं आणि पेशीत सांडतं. तो पेशीला मिळालेला निरोप असतो: आवरतं घे. पेशी स्वतःला शिस्तीत मोडून टाकते.

‘ऑक्सिडेशन म्हणजे वाईट’ हे जाहिरातींनी आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसवलं आहे की हे वाचून दचकायला होतं. पण आतड्याच्या अस्तरात मरण ही रोजची गोष्ट आहे. पेशी खोलगट खळग्यांच्या तळाशी जन्मते, वर सरकत जाते आणि चार-पाच दिवसांत वर पोचून गळून पडते. धोका असतो तो डीएनए बिघडूनही तग धरून राहणाऱ्या पेशीचा. अशा पेशीला वेळेत निरोप मिळणं फायद्याचंच.

हा सगळा उलगडा मुख्यतः उंदरांमुळे झाला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जोअ‍ॅन लप्टन आणि रॉबर्ट चॅपकिन यांनी १९९०च्या दशकापासून कर्करोगकारक रसायन दिलेल्या उंदरांवर प्रयोग केले. काहींना मक्याचं तेल, काहींना माशाचं. काहींना सेल्युलोज, काहींना पेक्टिन. माशाचं तेल आणि पेक्टिन एकत्र मिळालेल्या उंदरांत पेशींचा हा ठरवून होणारा मृत्यू ठळकपणे वाढलेला दिसला.

माणसांचं काय? पिट्सबर्ग विद्यापीठाच्या स्टीफन ओकीफ यांच्या गटाने २०१५ मध्ये एक गमतीदार अदलाबदल प्रसिद्ध केली. २० आफ्रिकन अमेरिकन आणि ग्रामीण दक्षिण आफ्रिकेतले २० जण यांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. अमेरिकनांचा चोथा दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेला आणि ब्युटिरेट अडीच पट झालं. ही झाली चोथ्याची बाजू. दुसरी बाजू अलास्कात दिसते. तिथले मूलनिवासी पिढ्यान्‌पिढ्या भरपूर मासे खात आले, तरी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं त्यांच्यातलं प्रमाण जगात सर्वाधिक नोंदींपैकी आहे. कारणं अनेक असतील, धूम्रपानही त्यात धरावं लागेल. पण त्यांच्या ताटात चोथा फारच थोडा असतो, हे नजरेआड करता येत नाही. मला तर तिथे जोडीतला एकच गडी मैदानात दिसतो.

अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ लोक होते. रोज १ ग्रॅम ओमेगा-३ (म्हणजे डीएचएसारखी माशाच्या तेलातली मेदाम्लं) पाचेक वर्षं घेऊनही कर्करोग कमी झाला नाही, असा निकाल २०१८ मध्ये आला. मात्र सोबत चोथा वाढवला तर काय होतं, हा प्रश्न त्या चाचणीत विचारलेलाच नव्हता. आणि उंदरांना दिलेलं तेल त्यांच्या खाण्याच्या मानाने पुष्कळ होतं, त्याचा हिशेब माशाच्या तेलाच्या एखाद्या कॅप्सूलशी जुळत नाही.

कॅप्सूल घेतच असाल, तर महिन्यातून एखादी चावून पाहा. उग्र, ऑइल पेंटसारखा वास आला तर समजा, जो खवटपणा पेशीत जाऊन व्हायचा तो बाटलीतच उरकला आहे.