टेबल पाठ आहे, पण गोवरची लस 9 महिन्यांनीच का?

लसीकरणाचं टेबल नर्सिंगच्या मुलामुलींना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, पण लसीकरणाच्या दिवशी एखादी आई विचारते, "अहो सिस्टर, गोवरची लस जन्मल्याबरोबरच का नाही देत?" आणि तिथे गाडी अडते. मला वाटतं अभ्यास खरा तिथूनच सुरू होतो.

तर कारण असं की बाळ पोटात असतानाच आईच्या अँटीबॉडी नाळेतून त्याच्याकडे येतात, शेवटच्या काही आठवड्यांत जास्त. गोवरची लस म्हणजे जिवंत पण कमजोर केलेला विषाणू, तो बाळाच्या शरीरात थोडा वाढला तरच शरीर त्याला ओळखायला शिकतं. आता आईच्या अँटीबॉडी अजून शिल्लक असतील तर त्या लसीच्या विषाणूलाच आधी संपवतात, म्हणजे सुई टोचली आणि उपयोग काही नाही. 9 व्या महिन्यात दिली तर 100 पैकी साधारण 85 बाळांना संरक्षण मिळतं, 12 व्या महिन्यात दिली तर साधारण 95. मग सरळ वर्षाचं झाल्यावरच का नको? कारण जिथे गोवर फिरतोय तिथे ते मधले 3 महिने बाळ उघडं पडतं.

आणि हे नीट लक्षात ठेवा, गोवरचा दुसरा डोस हा बूस्टर नाही. पहिल्या वेळी ज्यांच्यात लस लागूच झाली नाही त्या राहिलेल्या बाळांसाठी तो आहे, फक्त ती बाळं कोणती हे बघून कळत नाही म्हणून सगळ्यांनाच देतात.

दुसरा नेहमीचा प्रश्न उशिराचा. आई घाबरत सांगते की मधला डोस राहिला, आता सगळं पहिल्यापासून का? नाही. शरीराची आठवण पुसली जात नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चालू करायचं. उशीर चालतो, घाई चालत नाही, बहुतेक लसींच्या पहिल्या डोसांमध्ये किमान 4 आठवडे हवेतच. रोटाव्हायरसच्या (जुलाबाच्या एका विषाणूच्या) लसीला मात्र वयाची मर्यादा असते तेवढं बघायचं. आणि उशीर झाला म्हणून त्या आईला ओरडू नका प्लीज, ती पुढच्या वेळी येणारच नाही.

आता फ्रिज. 2 ते 8 डिग्री सगळ्यांना पाठ असतं आणि उन्हाने लस खराब होते हेही, पण जास्त थंडीने पण होते हे बरेच जण विसरतात. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस), कावीळ ब, धनुर्वात या लसींमध्ये औषध अॅल्युमिनियमच्या बारीक कणांना चिकटलेलं असतं, एकदा गोठलं की ते कण गुठळ्या धरतात आणि नंतर वितळलं तरी लस पहिल्यासारखी होत नाही. म्हणून फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक लगेच कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड डब्यात, टाकायचा नाही, बाहेर ठेवायचा आणि हलवून बघायचा, आत पाण्याचा आवाज आला की मगच ठेवायचा.

व्हायलवर, म्हणजे लसीच्या बाटलीवर, उष्णतेने रंग बदलणारी एक खूण असते, गोलाच्या आत चौकोन, ती 1996 पासून वापरात आहे, आधी पोलिओच्या लसीवर आली. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर उष्णतेने लस बिघडलेली नाही, दोन्हींचा रंग सारखा झाला की फेकायची. पण गोठल्याचं ती खूण काहीच सांगत नाही! त्यासाठी शेक टेस्ट. त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम रात्रभर गोठवून वितळवायची, मग संशय असलेली आणि ही, दोन्ही हलवून शेजारी शेजारी ठेवायच्या. संशयातलीचा गाळ तितक्याच पटकन किंवा त्याहून लवकर खाली बसला तर ती वापरायची नाही. आणि जी डोळ्यांनी गोठलेली दिसलीच तिला कसली टेस्ट, थेट बाजूला.

बीसीजी (क्षयाची लस) आणि गोवरच्या पावडरमध्ये डायल्युअंट, म्हणजे ती विरघळवायचं द्रावण, घातलं की त्या व्हायलवर लगेच वेळ लिहा. त्यात जंतू रोखणारं काही नसतं, जास्तीत जास्त 6 तास (भारताच्या लसीकरण कार्यक्रमात 4 तास), किंवा सेशन आधी संपलं तर तेव्हाच ती टाकायची, आत चार डोस उरलेले दिसत असले तरी.