मुंबईतल्या शाळेत परसबाग: परवानगी कुणाची, कागद कोणते, पैसे कुठून

मुंबईतल्या शाळेत परसबाग करायची असेल, तर अर्ज लिहायला बसण्याआधी शाळेची इमारत कुणाच्या नावावर आहे ते बघून घ्या. पुढचे सगळे कागद त्यावरून ठरतात. महापालिकेची शाळा, खासगी अनुदानित शाळा आणि विनाअनुदानित शाळा या तिघींची वाट वेगळी आहे. महापालिकेच्या एकाच इमारतीत कधी मराठी, हिंदी, उर्दू अशा दोन-तीन शाळा भरतात. अंगण आणि गच्ची सगळ्यांची सामायिक. तिथे एका मुख्याध्यापकांच्या सहीवर भागत नाही. इमारतीतल्या सर्व मुख्याध्यापकांचं संमतीपत्र सुरुवातीलाच जोडा. आम्ही पहिल्या वर्षी ते जोडलं नव्हतं, आणि श्रावण आला तरी आमचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत होता.

कोण पात्र, आणि पैसे किती

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१९ मध्ये शालेय पोषण बागांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. शालेय पोषण आहार, म्हणजे आताची प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना, ज्या शाळांना लागू आहे त्या शाळा यात बसतात: सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांचे बालवाटिका ते आठवीपर्यंतचे वर्ग. या सूचनांत मुंबईसाठी फार मोलाची गोष्ट आहे. मोकळी जमीन असलीच पाहिजे अशी अट त्यात नाही. कुंड्या, माठ, लाकडी पेट्या, पत्र्याचे डबे, पिठाच्या गोण्या, गच्ची, सगळं चालतं. ‘शाळेला मैदानच नाही, बाग कुठे करणार?’ असं कुणी म्हणालं, तर अर्जात या सूचनांचा उल्लेख करा.

योजनेच्या लवचिक निधीतून, म्हणजे नव्या उपक्रमांसाठी बाजूला ठेवलेल्या भागातून, दर बागेमागे ५,००० रुपये असा मापदंड आहे. त्यात बियाणं, खत, खुरपी, झाऱ्या येतात. हा निधी वार्षिक आराखड्यातून मंजूर होतो, त्यामुळे अर्ज केला आणि पुढच्या महिन्यात पैसे आले, असं होत नाही. समग्र शिक्षा अभियानातून इको क्लबसाठी (शाळेतल्या मुलांच्या पर्यावरण गटासाठी) सरकारी शाळांना वेगळी तरतूद आहे: प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १५,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत. चालू वर्षाची रक्कम शिक्षण कार्यालयात विचारूनच शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहा. विनाअनुदानित शाळांना यातलं अनुदान नाही. तिथे संस्थेच्या विश्वस्तांची मंजुरी घेऊन स्वतःच्या खर्चाने काम करायचं. खरं सांगायचं तर दहा-बारा कुंड्यांसाठी कुणाच्याच अनुदानाची वाट पाहू नये.

अर्जाला काय जोडायचं

सर्वात वजनदार कागद म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती असतेच, आणि तिच्यात ७५ टक्के पालक असतात. ठरावात नुसतं ‘बाग करण्यास मंजुरी’ लिहू नका. जागा, तिचं माप, पाणी कुठून घेणार, जबाबदार शिक्षक कोण, आणि दिवाळी-मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, हे नावानिशी लिहा. ज्या बागा बंद पडलेल्या मी पाहिल्या, त्या सुट्टीतच वाळल्या होत्या.

अर्ज शाळेच्या लेटरहेडवर, अकरा अंकी यूडायस क्रमांकासह (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक). सोबत ठरावाची प्रत, हाताने काढलेला चालेल पण माप टाकलेला नकाशा, जागेचे दोन-तीन फोटो आणि खर्चाचा अंदाज. महापालिकेच्या शाळेने तो आपल्या विभागाच्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडे द्यावा, खासगी अनुदानित शाळेने उत्तर, दक्षिण किंवा पश्चिम विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

गच्चीवर बाग असेल तर मात्र इथे थोडं थांबा. एक चौरस मीटर जागेवर फूटभर ओली माती घातली तर तिचं वजन साधारण ५०० किलो होतं. मुंबईच्या जुन्या स्लॅबवर, त्यात पाऊस, हे खेळण्यासारखं काम नाही. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरचं स्थैर्य प्रमाणपत्र लागतंच. त्याची प्रत जोडा आणि बागेचं वजन त्या इंजिनीअरला स्वतंत्रपणे दाखवा. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट जास्त मिसळलं की वजन बरंच उतरतं. पालक-मेथीला सहा इंच खोली पुरते.

अंगणातल्या झाडाची सावली पडते म्हणून फांदी तोडायची तरी आधी विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याची परवानगी घ्यावी लागते. वृक्ष संरक्षणाचा १९७५ चा कायदा शाळेच्या आवारालाही लागू आहे. डासांचंही तसंच. कुंडीखालच्या ताटलीत साठलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो, आणि त्यासाठी महापालिकेची नोटीस येऊ शकते. ताटल्या ठेवूच नका. पिंपं झाकून ठेवा आणि आठवड्यातून एक दिवस कोरडी करा.

भाजीचं काय करायचं

मुंबईत पोषण आहार बहुतेक शाळांत शिजत नाही, तो केंद्रीय स्वयंपाकघरातून येतो. म्हणून बागेतली भाजी खिचडीत घालू, असं अर्जात लिहिलं तर प्रश्न निघतील. हिशोबही जुळत नाही: प्राथमिकच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम भाजी धरली आहे, म्हणजे २०० मुलांना रोज १० किलो. एवढं कुंड्यांतून निघणार नाही, निघायची गरजही नाही. उद्देश ‘प्रत्यक्ष शिक्षण आणि चव घेणे’ असा लिहा. दुसरीतल्या एका मुलीने मुळा उपटला आणि मातीसकट हातात धरून म्हणाली, “बाई, हा खाली लपून बसला होता?” त्या दिवशी तिने मुळ्याची कोशिंबीर मागून खाल्ली. यासाठीच हा सगळा कागदांचा खटाटोप आहे. कच्चं काही खायला देणार असाल, तर पालकांचं संमतीपत्र घ्या आणि मुलाला कशाची ॲलर्जी आहे का, ते त्यातच विचारा. गुलाबी किंवा निळा रंग लावलेलं बियाणं औषध चोळलेलं असतं. ते मुलांच्या हाती देऊ नका. कण्हेर, धोतरा आणि एरंड विषारी, ते आवारात नकोत.

कधी अर्ज करायचा? जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना परवानगी हातात असते. पावसात भेंडी, चवळी, दुधी, पडवळ लावा; मेथी-पालक मुसळधार पावसात कुजतात, ते गणपती-नवरात्र उलटल्यावर. मुलांना झाडा-रोपांची दुनिया दाखवायची असेल, तर माहीम-धारावीच्या मध्ये असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात एक सहल न्या. कचऱ्याच्या जुन्या डेपोवर ३७ एकरांत ते जंगल उभं राहिलं आहे. आणि मे महिन्यासाठी एका कोपऱ्यात शेवगा आणि गवती चहा ठेवा. एकदा मुळं धरली की दोन दिवसांनी पाणी मिळालं तरी ते तग धरतात, आणि जूनमध्ये परतणाऱ्या मुलांना काहीतरी हिरवं उभं दिसतं.