चेरी, इलिनॉय: दोन शाफ्टांच्या खाणीवर उभं राहिलेलं गाव

अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या उत्तर भागात, ब्यूरो काउंटीत, चेरी नावाचं एक छोटं गाव आहे. १९०९ मध्ये इथल्या कोळशाच्या खाणीत आग लागून २५९ माणसं मेली. नावाचा फळाशी संबंध नाही. खाणीचे अधीक्षक जेम्स चेरी यांच्यावरून ते पडलं. १९०५ च्या आधी इथे नुसती शेतजमीन होती. शिकागो, मिल्वॉकी अँड सेंट पॉल रेल्वेला इंजिनांसाठी कोळसा हवा होता, म्हणून सेंट पॉल कोल कंपनीने खाण काढली. लॅड या शेजारच्या गावापासून रूळ आले, एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि इटालियन, स्लाव्ह, लिथुआनियन, स्कॉटिश, इंग्रज अशी माणसं राहायला आली.

त्या भागातल्या बऱ्याच खाणी उन्हाळ्यात थंडावत, कारण घरं तापवायला लागणाऱ्या कोळशाची मागणी तेव्हा घटे. चेरीचं गिऱ्हाईक रेल्वे होती आणि गाड्या बारा महिने चालत. रोजगार वर्षभर, शिवाय खाण नवी, विजेचे दिवे असलेली आणि आगीपासून सुरक्षित म्हणून नावाजलेली. लोक याच भरवशावर इथे आले.

पुढे काय घडलं ते समजायला खाणीची रचना नीट पाहावी लागते. कोळशाचे थर तीन. वरचा थर काढतच नसत. दुसरा सुमारे ३२० फुटांवर, तिसरा ४८५ फुटांच्या आसपास. जमिनीपासून खाली जाणारे उभे शाफ्ट दोन, एकमेकांपासून साधारण शंभर यार्डांवर. मुख्य शाफ्टवर ८५ फुटी पोलादी मनोरा आणि माणसं व कोळसा वर ओढणारा पिंजरा. दुसरा शाफ्ट हवेचा. त्याच्या तोंडाशी मोठा पंखा होता, तो खाली हवा ढकलायचा. संकटात वर येण्याच्या लाकडी शिड्या आणि जिनेही याच शाफ्टात होते. वाट आणि हवा एकाच भोकातून, हा पहिला दोष. दुसरा दोष असा की तिसऱ्या थरातला कोळसा आणि माणसं आधी हवेच्या शाफ्टातून दुसऱ्या थरापर्यंत येत आणि तिथून मुख्य शाफ्टाने वर जात. म्हणजे तिसऱ्या थरातल्यांची सुटका दुसऱ्या थरातूनच. शाफ्टाला आणि बोगद्यांना टेकू होते तेही लाकडाचे.

१९०९ च्या शरदात वीज बिघडली. दुरुस्ती होईपर्यंत रॉकेलच्या उघड्या मशाली लावल्या गेल्या. शनिवार, १३ नोव्हेंबरच्या दुपारी तिसऱ्या थरातल्या खेचरांसाठी गवताच्या गासड्या भरलेली एक गाडी दुसऱ्या थरात, हवेच्या शाफ्टाजवळ, अशाच एका मशालीखाली आली. गवताने पेट घेतला. सुरुवातीला ही किरकोळ आग होती, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. कोळसा वर ओढणं चालूच राहिलं. जळती गाडी इकडून तिकडे ढकलण्यात वेळ गेला आणि ती जिथे जिथे थांबली तिथल्या छताच्या टेकूंनी पेट घेतला. अखेर गाडी तिसऱ्या थरात ढकलली आणि तिथे ती विझलीसुद्धा. पण तोवर वर लाकूड पेटलेलं होतं. धोक्याची सूचना देणारी कुठलीही यंत्रणा नव्हती. लांबवर कोळसा खोदणाऱ्यांना बातमी पोहोचली ती एकाने दुसऱ्याला सांगितली तशी, उशिराने.

मग पंखा उलटा फिरवण्यात आला. धूर आणि ज्वाळा बाहेर ओढल्या जातील असा हिशेब होता. ज्वाळा ओढल्या गेल्या खऱ्या, पण हवेच्या शाफ्टातून. शिड्या पेटल्या, पाठोपाठ पंख्याची खोलीही. खालच्यांची एक वाट तिथेच बंद झाली.

उरला पिंजरा. खाणीचे व्यवस्थापक जॉन बंडी आणि त्यांच्यासोबतचे लोक, मिळून १२ जण, सहा वेळा खाली गेले आणि माणसं वर आणली. सातव्या फेरीत खालून आलेले घंटेचे इशारे वर इंजिन चालवणाऱ्याला नीट उमगले नाहीत. पिंजरा उशिरा वर आला तेव्हा आतले सगळे भाजून मेलेले होते. अशा खाणीत पिंजरा, दोर आणि घंटा एवढाच वरच्या-खालच्यांचा दुवा. इशारा चुकला की वरच्याला खाली काय चाललंय हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

आगीला हवा मिळू नये म्हणून दोन्ही शाफ्ट झाकले गेले. आग दबली, पण खाली उरलेल्यांचा प्राणवायूही त्याबरोबर तुटला. खाणीत अशा वेळी एक जड, गुदमरवणारी हवा साठते. तिच्यात कर्बवायू आणि नत्रवायू जास्त असतो. दिवा मंद होऊन विझतो, ही तिची खूण. एका गटाने ही खूण ओळखली. त्यांनी बोगद्यात मिळेल त्या सामानाची भिंत रचून धूर अडवला, आत आत सरकत राहिले आणि थरातून पाझरणाऱ्या पाण्यावर तगले. अन्न काहीच नव्हतं. आठव्या दिवशी पाण्याच्या शोधात त्यांनी भिंत फोडली आणि समोर बचावपथक उभं होतं. २१ जण बाहेर आले. त्यातला एक दोन दिवसांनी गेला. मृतांचा आकडा २५९. उरलेले मृतदेह काढायला खाण फेब्रुवारी १९१० मध्ये पुन्हा उघडावी लागली. कायद्याने खाणीत बंदी असलेली, १६ वर्षांखालची मुलंही कामावर होती. त्याबद्दल कंपनीला दंड झाला.

१९१० मध्ये इलिनॉयने ला सॅल, स्प्रिंगफील्ड आणि बेंटन इथे खाण-बचाव केंद्रं उघडली. त्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्र सरकारने ब्युरो ऑफ माइन्स हे खाणींसाठीचं खातं स्थापन केलं. त्यामागे १९०७ ची, वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगा इथली खाण-दुर्घटनाही होती.

पण दीडशेहून अधिक विधवांपुढचा प्रश्न होता तो घर चालवण्याचा. तेव्हाच्या कायद्यात मालकाला हात झटकायला तीन पळवाटा होत्या: धोका कामगाराने स्वतः पत्करला, चूक सोबतच्या कामगाराची, किंवा चूक त्याचीच. कोर्टात वर्षानुवर्षं जायची आणि हाती काय येईल याचा नेम नाही. इलिनॉयमधल्याच स्ट्रीटर गावचे जॉन ई. विल्यम्स मध्यस्थ झाले. इंग्लंडच्या १९०६ च्या भरपाई कायद्याचं सूत्र त्यांनी पुढे ठेवलं: चूक कोणाची हे न खणता, मृताची तीन वर्षांची कमाई कुटुंबाला द्यायची. म्हणजे माणशी साधारण १,८०० डॉलर. कंपनी आणि रेल्वेने मान्य केलं. माझ्या मते चेरीच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, कारण भरपाई देणं आधी प्रत्यक्षात करून दाखवलं गेलं आणि कायदा नंतर लिहिला गेला.

खाण पुढे पुन्हा सुरू झाली आणि १९२७ पर्यंत चालली. त्यानंतर १९३५ पर्यंत थोडंफार काम झालं. आज गावची वस्ती पाचशेच्या आत आहे. खाणीतून काढलेल्या मातीदगडांचा डोंगर अजून सपाट शेतांच्या मधोमध दिसतो आणि गावाच्या दक्षिणेला, ८९ क्रमांकाच्या रस्त्यालगत, कब्रस्तानात युनायटेड माइन वर्कर्स या कामगार संघटनेने १९११ मध्ये उभारलेलं स्मारक आहे.

इलिनॉयचा कामगार भरपाई कायदा १९११ मध्ये मंजूर झाला आणि १ मे १९१२ पासून लागू झाला. चेरीच्या बायकांना त्यातलं काहीच मिळालं नाही. त्यांना मिळालं ते समझोत्यातून आणि मदतनिधीतून.