जुन्या स्पोर्ट्स कारमधला अलार्म

साधारण 1985 ते 2005 च्या काळातल्या स्पोर्ट्स गाड्यांना चोरीपासून वाचवायला बसवलेली इलेक्ट्रिकल सिस्टिम. यात दोन वेगळी कामं असतात आणि लोक ती एकच समजतात: अलार्म बोंबलतो, इमोबिलायझर गाडी सुरूच होऊ देत नाही. ब्रिटनमध्ये थॅचम या विमा कंपन्यांसाठी गाड्या तपासणाऱ्या संस्थेनं 90 च्या दशकात वर्गवारी केली, कॅटेगरी 1 म्हणजे दोन्ही, कॅटेगरी 2 म्हणजे फक्त इमोबिलायझर.

आपल्या सोलापुरात अशा गाड्या बोटावर मोजण्याइतक्या, म्हणून वायरमन लोकांचा हात बसलेला नसतो आणि पहिल्याच दिवशी वायरी कापल्या जातात. कापायच्या आधी सिस्टिम कुठली ते ओळखा, हे मी कळकळीनं सांगतोय. रिमोटच्या मागचा नंबर, काचेवरचा स्टिकर, डॅशबोर्डवर लुकलुकणारी लाल लाईट, बॉनेटखालचा सायरन, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. लोटस एलिसमध्ये बऱ्याचदा कोब्रा कंपनीची सिस्टिम असते, टीव्हीआर गाड्यांमध्ये मेटा कंपनीची. पोर्शे 911 च्या 964 मॉडेलला कंपनीचाच अलार्म होता आणि त्याची लाईट दाराच्या लॉकच्या बटणातच असते. कंपनीबाहेर बसवून घेतलेल्या चांगल्या सिस्टिममध्ये बऱ्याचदा सगळ्या वायरी काळ्याच असतात, चोराला माग लागू नये म्हणून, आणि त्यावर बारीक नंबर छापलेले असतात, ते भिंग घेऊनच वाचावे लागतात.

उगाच वाजणारा अलार्म हे सगळ्यात मोठं दुखणं. आतला अल्ट्रासोनिक सेन्सर हवेची हालचाल पकडतो, त्यामुळे मे महिन्यात 42-43 डिग्रीत काच थोडी उघडी ठेवून गाडी लावली की तो भडकू शकतो, कापडी छताच्या गाडीत तर जास्तच, म्हणून तिथं मायक्रोवेव्ह सेन्सर बसवायचे. धक्का पकडणाऱ्या शॉक सेन्सरचं वेगळं, गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम सुरू झालं की धमाक्यानंच वाजतो, त्याची सेन्सिटिव्हिटी कमी करायचा छोटा स्क्रू असतो.

पण खरा गुन्हेगार बऱ्याचदा सायरनमध्येच लपलेला असतो. कार बॅटरीची वायर तोडली तरी बोंबलता यावं म्हणून त्यात स्वतःचे चार्जिंगचे सेल असतात, वीस वर्षांत ते गळतात. मी एक उघडून बघितला तेव्हा सेलभोवती हिरवट पांढरी भुकटी साचलेली, आणि बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक मधोमध खाल्लेला. गाडीची बॅटरी काढायच्या आधी सायरनच्या छोट्या गोल चावीनं तो बंद करायचा असतो, ती चावी मात्र बहुतेकांकडे हरवलेली असते.

उभी गाडी आठवडाभर चालू केली नाही तर अलार्म बॅटरी खातो का, तर हो. 40 मिलिअँपिअर करंट सतत गेला तरी दिवसाला जवळपास 1 अँपिअर-अवर जातो, म्हणजे 35 अँपिअर-अवरची फुल चार्ज बॅटरीसुद्धा महिनाभरात बसते.

जुनी गाडी घेताना दोन्ही रिमोट आणि अलार्मच्या पिन कोडचा कागद मागून घ्या. ते नसलं तर शेवटी अलार्मचा बॉक्स काढावा लागतो, आणि इमोबिलायझरनं तोडलेल्या स्टार्टर, पेट्रोल पंप, इग्निशनच्या वायरी एकेक शोधून परत मूळ जागी सोल्डर कराव्या लागतात, नुसती टेप गुंडाळून चालत नाही.