संगणकभाषांच्या जुन्या आवृत्त्या काढणे

पायथन, जावा आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) यांच्या वापरात नसलेल्या आवृत्त्या संगणकावरून काढताना चालू कामे आणि कार्यप्रणाली शाबूत ठेवण्याची रीत. नागपुरात हा प्रश्न बहुधा सिनियरकडून घेतलेल्या लॅपटॉपवर उभा राहतो. त्यावर प्रॅक्टिकलसाठी टाकलेले एक पायथन असते, प्रोजेक्टसाठी दुसरे, आणि मिहानमध्ये किंवा गायत्रीनगरच्या आयटी पार्कात इंटर्नशिप लागली की तिसरे येते. डिस्कवरची जागा फारशी जात नाही. खरा घोळ हाकेचा असतो: टर्मिनलमध्ये ‘पायथन’ लिहिल्यावर ‘पाथ’च्या, म्हणजे आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या, यादीत जे आधी सापडेल तेच ओ देते.

काढण्याआधी ती आवृत्ती कोणी बसवली हे पाहावे लागते. उबंटूवरचे मूळ पायथन ३ कार्यप्रणालीचे स्वतःचे आहे; सॉफ्टवेअर अपडेटरसारखी साधने त्यावरच चालतात. ते ‘ॲप्ट’ने, म्हणजे उबंटूच्या प्रोग्राम बसवण्या-काढण्याच्या साधनाने, काढायला गेल्यास डेस्कटॉपचे भागही सोबत निघू शकतात. काय काय निघणार याची यादी ॲप्ट आधी दाखवते, पण ती न वाचताच ‘वाय’ दाबणारे पुष्कळ. मॅकवर ॲपलने पायथन २.७ स्वतःच २०२२ मध्ये, मॅकओएस १२.३ पासून काढून टाकले. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजीच संपला होता.

दुसरी अडचण आभासी परिसरांची, म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टची पॅकेजे (जोड-प्रोग्राम) वेगळी ठेवणाऱ्या ‘व्हेन्व्ह’ची. त्यात पायथनची पूर्ण प्रत नसते. तो मूळ आवृत्तीच्या पत्त्यावर अवलंबून असतो. मूळ आवृत्ती गेली की तिच्यावर उभे सगळे प्रोजेक्ट एकदम बंद पडतात. म्हणून ‘पिप फ्रीझ’ या आज्ञेने पॅकेजांची यादी आधी फाइलमध्ये उतरवून घेतात आणि नव्या आवृत्तीवर परिसर पुन्हा बांधतात. जुन्या पॅकेजांपैकी एखादे नव्या आवृत्तीवर चढतच नाही, हे इथेच कळते. त्यामुळे विद्यापीठाच्या हिवाळी किंवा उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर ही साफसफाई काढू नये.

विंडोजवर फोल्डर डिलीट करणे ही सर्वांत वाईट पद्धत. नोंदी मागे राहतात आणि पुढे अनइन्स्टॉलही अडते. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून काढावे. त्याच यादीत ‘पायथन लाँचर’ वेगळा दिसू शकतो. तो सर्व आवृत्त्यांसाठी सामाईक असल्याने ठेवावा. जावा काढल्यावर ‘जावा होम’ हे जावाचा पत्ता सांगणारे चल बहुधा जुन्याच फोल्डरकडे बोट दाखवत राहते, ते हाताने बदलावे लागते.

नोडसाठी ‘एनव्हीएम’ आणि पायथनसाठी ‘पायएन्व्ह’ ही आवृत्त्या सांभाळणारी साधने वापरणाऱ्यांचे काम सोपे, कारण प्रत्येक आवृत्ती आपापल्या फोल्डरात असते. लिनक्स-मॅकवरचे एनव्हीएम तर चालू असलेली आवृत्ती काढूच देत नाही. मात्र नोडची जागतिक (एका प्रोजेक्टपुरती नसलेली) पॅकेजे आवृत्तीसोबतच जातात.

लिनक्सवर सगळे नीट काढूनही टर्मिनल कधीकधी ‘अशी फाइल नाही’ म्हणते. टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या बॅशने आज्ञेचा जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. नवे टर्मिनल उघडले की तो विसरतो.