पाण्याखालची भरती मोजताना

अंदमान समुद्रात वारा पडलेला असतानाही कधी कधी फेसाळ, खळबळत्या पाण्याचा एक लांबच लांब पट्टा पुढे सरकताना दिसतो, आणि तो निघून गेल्यावर पाणी पुन्हा संथ होते. खोलवर चाललेल्या एका प्रचंड लाटेची ती वर उमटलेली खूण असते. वरचे उबदार पाणी आणि खालचे थंड, जड पाणी यांच्या घनतेत हजारात जेमतेम दोन-तीन भागांचा फरक असतो. त्यामुळे निकोबार आणि सुमात्रा यांच्या दरम्यानच्या बुडालेल्या डोंगररांगेवरून भरतीचा प्रवाह जाऊ लागला, की आतले जड पाणी सहज वर-खाली ढकलले जाते. ऑस्बोर्न आणि बर्च या संशोधकांनी १९८० साली येथील नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा सुमारे १,१०० मीटर खोल पाण्यात ६० मीटरांच्या लाटा आढळल्या होत्या. त्यांच्या रांगा साधारण साडेबारा तासांच्या अंतराने येत होत्या, म्हणजे ताल चंद्राचाच होता.

अशी लाट जागेवर मोजण्यासाठी तळाशी वजन बांधून एक दोर तरंगत्या गोळ्यांच्या आधाराने उभा ताणतात आणि त्यावर ठराविक अंतरांवर तापमापक लावतात. लाटेबरोबर उबदार पाणी खाली दाबले गेले, की थंड थरातला तापमापक काही मिनिटांत काही अंशांनी चढतो आणि तासाभराच्या आत पुन्हा उतरतो. मात्र लाटेच्या प्रवाहाने दोर कलतो आणि तापमापक स्वतःच खाली जातो, म्हणून सोबत दाबमापक नसेल तर ही नोंद फसवी ठरते. प्रवाहाचा वेग ध्वनीने मोजतात: पाण्यातल्या बारीक कणांवरून परतलेल्या ध्वनीची पट्टी (स्वराची उंची) किती बदलली, यावरून तो कळतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेने आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर अशी ध्वनियंत्रे नांगरलेली आहेत.

उपग्रहाचे काम याहून नाजूक आहे, कारण आत वीस मीटर उंच असलेली भरतीची लाट पृष्ठभागाला फार तर दोन-तीन सेंटिमीटर उचलते. समुद्रपृष्ठाची उंची मोजणारा टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह सुमारे ९.९ दिवसांनी त्याच जागेवर परत येई. तेवढ्या काळात चांद्र भरतीची १९ आवर्तने पुरी होऊन विसाव्याचा जेमतेम सहावा हिस्सा सरलेला असे, आणि म्हणून प्रत्येक फेरीत त्याला भरतीची पुढची पायरी दिसून साडेबारा तासांचे आवर्तन सुमारे ६२ दिवसांचे वाटे. हा काळ आधीच अचूक ठाऊक असल्यामुळे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून वाऱ्या-वादळांचा गोंधळ गाळता आला, आणि रे व मिचम या संशोधकांनी १९९६ साली हवाईच्या डोंगररांगेपासून हजार किलोमीटरांहून दूर जाणाऱ्या लाटा दाखवून दिल्या. मोजमापाच्या इतिहासातील हे मला अतिशय देखणे काम वाटते.

पण वाटेत मोठे भोवरे लागले, की लाटेचा वेग बदलतो आणि ती ताल चुकते. मग वर्षांच्या सरासरीत ती पुसली जाते. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह एका फेरीत सुमारे १२० किलोमीटर रुंद पट्ट्यातील उंचसखलपणा टिपतो, त्यामुळे तालाबाहेर गेलेली लाटही निदान चित्रात दिसू शकते. मात्र तीच फेरी तो सुमारे २१ दिवसांनी करतो, आणि मधल्या प्रत्येक तासाची नोंद तळाशी नांगरलेल्या त्या दोरालाच ठेवावी लागते.