पुण्याची शिफ्ट, स्पेनचं घड्याळ

हिंजवडीतल्या कंपनीत सकाळी दहा ते संध्याकाळी सात अशी वेळ असलेल्या माणसाने जून महिन्यात व्हॅलेन्सियात बसून तेच काम केलं, तर त्याचा दिवस पहाटे साडेसहाला सुरू होतो आणि दुपारी साडेतीनला संपतो. भारत उन्हाळ्यात स्पेनच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. साडेतीनला लॅपटॉप मिटला की जवळजवळ सहा तासांचा उजेड शिल्लक असतो. दुपारच्या जेवणाची पंगतही उठलेली नसते. ‘काम चालू ठेवून आठ-पंधरा दिवस स्पेन बघून येऊ’ हा बेत आपल्याकडच्या आयटीवाल्यांना सुचतो, त्यामागे स्वस्त विमानतिकीट आणि समुद्र आहेच, पण निम्मं कारण हे घड्याळ आहे. आणि ते घड्याळ तसं असण्याचं कारण 1940 सालात सापडतं.

ग्रीनिचची रेखा स्पेनच्या पूर्व भागातून जाते. म्हणजे देशाचा बहुतेक भाग लंडनच्याही पश्चिमेला. सूर्याच्या हिशेबाने तिथे लंडनची वेळ असायला हवी, आणि 1940 च्या सुरुवातीपर्यंत ती होतीही. मार्च 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने आदेश काढला आणि 16 मार्चच्या रात्री अकरा वाजता घड्याळं एक तास पुढे सरकवली. युरोपातल्या इतर देशांच्या वेळेशी जुळवून घेणं सोयीचं, एवढंच कारण आदेशात होतं. मूळ वेळ पुन्हा केव्हा लागू करायची ते यथावकाश जाहीर करू, असंही त्यात म्हटलं होतं. ती तारीख कधीच जाहीर झाली नाही. शेजारचा पोर्तुगाल आज लंडनच्या वेळेवर चालतो आणि सीमेपलीकडचा स्पेन बर्लिनच्या. उन्हाळी वेळेचा आणखी एक तास त्यात मिळवला, की माद्रिदमध्ये जूनमधला सूर्य डोक्यावर येतो तोच सव्वादोनच्या सुमारास. स्पॅनिश माणूस ‘उशिरा’ जेवतो असं आपण म्हणतो, पण सूर्याकडे पाहिलं तर तो भर मध्यान्हीच जेवत असतो. गॅलिसियातल्या व्हिगो शहरात जूनअखेर सूर्यास्त रात्री दहानंतर होतो. (सरकारी वेळ आणि सूर्य यांचं भांडण आपल्याला नवं नाही. भारतीय प्रमाणवेळ 1906 मध्ये आली, तरी मुंबईने आपली ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत सोडली नव्हती.)

काम बरोबर घेऊन स्पेनच्या किनाऱ्याला जाण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. 1838 च्या नोव्हेंबरात संगीतकार शोपाँ आणि लेखिका जॉर्ज सँड मायोर्का बेटावर उतरले. प्रकृतीला हवा मानवेल आणि कामही होईल, हा हेतू. मेंदिसाबाल या पंतप्रधानाने काही वर्षांपूर्वीच मठांची मालमत्ता सरकारजमा केली होती. त्यामुळे वाल्देमोसाच्या मठातल्या साधूंच्या रिकाम्या खोल्या भाड्याने मिळत, तिथे त्यांनी मुक्काम केला. पॅरिसहून मागवलेला पियानो पाल्माच्या जकात नाक्यावर अडकला. तो हाती आला जानेवारीत, आणि फेब्रुवारीत तर मंडळी बेट सोडून निघालीही. पावसाने आणि थंडीने शोपाँची तब्येत आणखी ढासळली, तरी चोवीस प्रेल्यूड्सचं, म्हणजे पियानोवरच्या छोट्या रचनांचं, काम त्याने तिथेच पुरं केलं आणि हस्तलिखित पॅरिसला रवाना केलं. परदेशात नेट बंद पडून डेडलाइन डोक्यावर आलेल्या कुणालाही ही हकीकत ओळखीची वाटेल. पुढे 1929 मध्ये इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज याच बेटावरच्या देया गावात राहायला आला, आणि मधली युद्धाची वर्षं सोडली तर मरेपर्यंत तिथून पोस्टाने लंडनच्या प्रकाशकांशी व्यवहार करत राहिला.

पण ही चैन लेखक-कलावंतांची. घड्याळी तासांवर राबणाऱ्याला सहलीला जायचं तर आधी कामाचे तास मर्यादित हवेत आणि रजेचा पगार हवा. स्पेनमध्ये याची सुरुवात बार्सिलोनात झाली. 1919 च्या फेब्रुवारीत तिथल्या वीज कंपनीत संप पेटला. भांडवल कॅनडातलं, म्हणून लोक त्या कंपनीला ‘कॅनडावाली’ म्हणत आणि संपालाही तेच नाव पडलं. 44 दिवस शहर जवळजवळ ठप्प होतं. 3 एप्रिलला सरकारने सर्व धंद्यांना आठ तासांचा दिवस लागू करणारा हुकूम काढला. सरसकट सर्वांना आठ तास देणाऱ्या युरोपातल्या पहिल्या देशांत स्पेन बसला तो या संपामुळे. 1931 मध्ये प्रजासत्ताक सरकारच्या कायद्याने वर्षाला सात दिवस भरपगारी रजा दिली, आणि 1983 पासून ती 30 दिवसांची आहे. आज समुद्राकाठी बसून ‘लॉग ऑफ’ करणाऱ्या प्रत्येकाने त्या 44 दिवसांची आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

आता किनाऱ्याची गोष्ट. स्पेनचा समुद्र पर्यटकांसाठी खुला झाला तो सरकारला परकीय चलनाची निकड होती म्हणून. 1959 च्या जुलैत आर्थिक स्थैर्याची योजना आली आणि डॉलरला 42 असलेला पेसेता या तेव्हाच्या स्पॅनिश चलनाचा दर 60 वर नेला. बाहेरच्यांसाठी स्पेन एका झटक्यात स्वस्त झाला. पश्चिम युरोपातल्या प्रवाशांना व्हिसाची अटही उरली नाही. 1960 मध्ये सुमारे 60 लाख परदेशी पाहुणे आले होते, 1973 मध्ये 3 कोटी 40 लाखांच्या वर.

या लाटेची तयारी एका छोट्या गावाने आधीच करून ठेवली होती. बेनिदोर्म हे तीनेक हजार वस्तीचं, ट्यूना पकडण्यात वाकबगार कोळ्यांचं गाव. 1950 च्या अखेरीस पेद्रो सारागोसा हा तिशीही न गाठलेला तरुण तिथला महापौर झाला. मासळी कमी होत चालली होती, गावात पाण्याची टंचाई होती. त्याने किनाऱ्यावर बिकिनी घालायला परवानगी दिली, तेव्हा कर्मठ कॅथलिक देशात मोठाच गहजब झाला आणि चर्चमधून बहिष्काराची भाषा सुरू झाली. मग हा गडी व्हेस्पा स्कूटरवर बसून थेट माद्रिदला फ्रँकोच्या भेटीला गेला आणि पाठिंबा घेऊन परतला, ही हकीकत तो स्वतःच पुढे सांगत असे. मला त्याहून मोलाचा वाटतो तो 1956 चा नगर आराखडा. गाव कसं वाढणार, रस्ते किती रुंद, इमारतींत मोकळी जागा किती, हे हॉटेलं उभी राहण्यापूर्वीच कागदावर उतरलं होतं. बेनिदोर्म पुढे उंचच उंच वाढलं. ते कुणाला देखणं वाटत नाही, पण कमी जमिनीत जास्त माणसं राहतात आणि पाणी-वीजही बेताने लागते, म्हणून नगररचनाकार आजही त्याचा अभ्यास करतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर आधी बांधकाम आणि मग आराखडा, हा क्रम आपण पाहिलाच आहे.

छोट्या सहलीची सवय स्पॅनिश माणसाला ‘पुएन्ते’मुळे लागली. पुएन्ते म्हणजे पूल. सण गुरुवारी आला की शुक्रवारी रजा टाकून रविवारपर्यंत पूल बांधायचा. आपल्याकडे जोडून सुट्टी घेतात तेच. 6 डिसेंबरचा संविधान दिन आणि 8 डिसेंबरचा धार्मिक सण यांच्यामधला पूल सर्वांत लाडका. या पुलांना वेग दिला रेल्वेने. एप्रिल 1992 मध्ये सेव्हियातल्या जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर माद्रिद–सेव्हिया वेगवान गाडी सुरू झाली, फेब्रुवारी 2008 मध्ये माद्रिद–बार्सिलोना. सहाशेवर किलोमीटर अडीच-पावणेतीन तासांत. दुपारी काम संपवून संध्याकाळी दुसऱ्या शहरात उतरणं त्यामुळे शक्य झालं.

ऑफिसपासून दूर राहून काम करण्याला ‘टेलिकम्युटिंग’ हे नाव अमेरिकेत जॅक निल्सने 1973 मध्ये दिलं. त्याचा प्रश्न सहलीचा नव्हता, रस्त्यावरच्या गर्दीचा आणि पेट्रोलचा होता. पुढची चार दशकं ही कल्पना काही मोजक्या कंपन्यांपुरतीच राहिली. स्पेनमध्ये 14 मार्च 2020 ला आणीबाणी जाहीर झाली आणि लाखो लोकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऑफिस मांडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात दूरस्थ कामाचा वटहुकूम आला, 2021 मध्ये त्याचा कायदा झाला. तीन महिन्यांत किमान 30 टक्के वेळ ऑफिसबाहेर काम होत असेल, तर लेखी करार हवा आणि साधनांचा खर्च मालकाने द्यावा, असं तो सांगतो. कामाच्या वेळेनंतर फोन-मेल बंद ठेवण्याचा हक्क तर स्पेनने 2018 च्याच कायद्यात दिला होता.

दुसरीकडे किनारे ओस पडले. 2019 मध्ये 8 कोटी 35 लाख परदेशी पर्यटक आले होते, 2020 मध्ये जेमतेम 1 कोटी 90 लाख. त्या शांततेत सरकारला लॅपटॉपवाला पाहुणा दिसला. हा पर्यटकासारखा आठवड्यात परत जाणार नाही, इथल्या कुणाची नोकरी घेणार नाही आणि पगार बाहेरून आणेल, असा तो हिशेब. एस्टोनियाने 2020 मध्ये अशा लोकांसाठी खास व्हिसा काढला होता, पोर्तुगालने ऑक्टोबर 2022 मध्ये. स्पेनचा कायदा 28/2022 त्याच डिसेंबरात आला. नाव नवउद्योगांच्या प्रोत्साहनाचं, पण त्यात ‘आंतरराष्ट्रीय दूरस्थ काम’ हे नवं प्रकरण होतं. व्हिसा एक वर्षापर्यंत, स्पेनमध्ये राहून अर्ज केल्यास परवाना तीन वर्षांपर्यंत. अर्जदाराचं कंपनीशी किमान तीन महिन्यांचं नातं हवं, कंपनी किमान वर्षभर जुनी हवी, आणि स्वतंत्र व्यावसायिकाचं स्पॅनिश ग्राहकांकडून येणारं काम 20 टक्क्यांच्या आत हवं. उत्पन्न किमान वेतनाच्या दुप्पट, म्हणजे 2025 च्या दराने महिना सुमारे 2,760 युरो. पुण्यातल्या वरिष्ठ इंजिनियरला रुपयांत मिळणारा पगार या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी कागदावर मांडून पाहावं.

इथेच आपल्याकडच्या बेताची गाठ आहे. नवा कायदा स्पेनमध्ये येऊन राहणाऱ्यांसाठी आहे. दोन-तीन आठवड्यांसाठी जाणारा भारतीय मुंबईतल्या वकिलातीकडून शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा, घेतो. त्यावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि तो नोकरीचा परवाना देत नाही. सकाळी पुण्याच्या क्लायंटची मीटिंग आणि दुपारी पाएया हा तिथला भात, यासाठी या दोहोंच्या मध्ये वेगळं दार बांधलेलं नाही. म्हणून कंपनीचा लेखी होकार आणि व्हिसातज्ज्ञाचा सल्ला तिकीट काढण्याआधी घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. जुना सरळ मार्ग उलट दिशेचा आहे. मोबाइल उद्योगाचं मोठं प्रदर्शन 2006 पासून, 2020 चा अपवाद सोडला तर, दरवर्षी बार्सिलोनात भरतं. त्यासाठी व्यवसाय-भेटीचा व्हिसा घेऊन जाणारे आपले लोक मुदतीत बसतील तसे चार दिवस जोडून तिथलं सग्रादा फमिलिया हे प्रसिद्ध चर्च पाहतात. ‘फक्त सहल’ म्हणून स्पेनची ओढ आपल्याकडे वाढली ती 2011 च्या एका लोकप्रिय हिंदी चित्रपटानंतर. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी बुन्योलमध्ये होणारी टोमॅटोंची धुळवड तेव्हापासून इथल्या घराघरात माहीत आहे. एप्रिल 2024 मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम सैल केले, तेव्हा नेहमीच्या प्रवाशाची सोय आणखी झाली. तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो.

स्पेनमध्ये याच काळात वारा फिरला. पर्यटकांची संख्या 2024 मध्ये 9 कोटी 38 लाखांवर गेली. त्या वर्षी 20 एप्रिलला कॅनरी बेटांवर हजारो लोक ‘बेटांना मर्यादा आहे’ म्हणत रस्त्यावर उतरले. 6 जुलैला बार्सिलोनात मोर्चेकऱ्यांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. राग घरभाड्याचा आहे. युरोत किंवा डॉलरमध्ये कमावणारा तीन महिन्यांसाठी जे भाडं सहज देतो, ते तिथल्या शिक्षिकेच्या पगारात बसत नाही, आणि तिची तक्रार मला पूर्ण रास्त वाटते. बार्सिलोनाच्या महापौरांनी 10,101 पर्यटक फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवण्याचं जाहीर केलं आहे. घर विकत घेणाऱ्यांना रहिवास देणारा ‘सोनेरी व्हिसा’ 3 एप्रिल 2025 ला बंद झाला. तो 2013 च्या कायद्यातला होता, आणि लॅपटॉपवाल्यांचा व्हिसाही 28/2022 ने त्याच जुन्या कायद्यात त्याच्या शेजारी बसवला होता. दुसरा अजून चालू आहे.

आणि घड्याळ? ऑक्टोबर 2025 मध्ये पंतप्रधान सांचेस यांनी वर्षातून दोनदा काटे फिरवण्याची पद्धत थांबवावी, अशी मागणी युरोपीय संघाकडे केली. युरोपीय संसदेने त्याला 2019 मध्येच मान्यता दिली होती, पण सदस्य देशांचं एकमत होत नाही. ते झालं, तर कायम उन्हाळी वेळ ठेवायची की हिवाळी, हे स्पेनला ठरवावं लागेल. उन्हाळी ठेवली तर पुण्याचे सकाळचे दहा व्हॅलेन्सियात बाराही महिने साडेसहा वाजता वाजतील. हिवाळी ठेवली, तर साडेपाच वाजता.